साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क जहाजाने: वयस्क आई-वडिलांना सोबत नेण्यापूर्वी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण इंग्लंडमध्ये रेडिंगला राहता, कंपनी आपल्याला नोव्हेंबरच्या सुरुवातीला न्यू जर्सीला पाठवीत आहे, आपण एल-१ (कंपनीअंतर्गत बदलीच्या) आणि पत्नी एल-२ (जोडीदाराच्या) व्हिसावर जाणार आहात आणि सध्या आपल्याकडे आलेले आई-वडील त्यांच्या अमेरिकन पर्यटक व्हिसावर सोबत येऊन तिथूनच विमानाने मुंबईला परतणार आहेत. वडील चौऱ्याहत्तरचे, मधुमेही, इन्सुलिन घेणारे आणि पूर्वी अँजिओप्लास्टी झालेले. आई अडुसष्टच्या, शाकाहारी, घाटात गाडी लागणाऱ्या. सामान भरपूर आहे, म्हणून विमानाऐवजी क्वीन मेरी २ या जहाजाने जावे का, आणि गेल्यास आईंना बोट लागेल का, असे आपण विचारले आहे.

मी प्रवासी जहाजांवर हॉटेल विभागात, म्हणजे खोल्या, भोजनगृह आणि प्रवाशांच्या तक्रारी या बाजूला, नोकरीची बरीच वर्षे काढली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की आपण बोट लागण्याची जेवढी काळजी करीत आहात तेवढी ती करण्याजोगी नाही आणि वडिलांच्या प्रकृतीचा उल्लेख जेवढा ओझरता केला आहे तेवढा तो ओझरता नाही. भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर दर एक-दोन दिवसांनी बंदर येते. काही बिनसले तर उतरता येते, औषध विकत घेता येते, इस्पितळ गाठता येते. अटलांटिक ओलांडताना साउथॅम्प्टनचा धक्का सुटला की सात रात्रींनी न्यूयॉर्कमधला ब्रुकलिनचा धक्का येतो आणि मध्ये काहीच नसते. त्यामुळे या प्रवासाचे बहुतेक सारे निर्णय जमिनीवर असतानाच घ्यावे लागतात.

वडिलांपासून सुरुवात करू. जहाजावर दवाखाना असतो, डॉक्टर आणि परिचारिका असतात, ईसीजी, काही रक्ततपासण्या आणि प्राथमिक अतिदक्षतेची सोय असते. मात्र अँजिओग्राफी, बायपास किंवा नियमित डायलिसिस यांची सोय तिथे आहे असे गृहीत धरू नये. किनाऱ्यावरून येणारे बचाव हेलिकॉप्टर काही शे सागरी मैलांपर्यंतच (एक सागरी मैल म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर) पोहोचते, तर हा मार्ग सुमारे ३,२०० सागरी मैलांचा आहे; म्हणजे मधल्या दोन-तीन दिवसांत रुग्णाला उचलून नेणे जवळजवळ अशक्य असते. पश्चिमेकडे जाताना फारच गंभीर प्रसंग आला तर कप्तान जहाज न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स किंवा नोव्हा स्कॉशियातील हॅलिफॅक्सकडे वळवू शकतो, पण तिथे पोहोचायलाही तास नव्हे, दिवस लागू शकतात. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. चौऱ्याहत्तरपेक्षा कितीतरी मोठ्या वयाची माणसे या मार्गाने आनंदाने जातात आणि या जहाजावरच्या प्रवाशांत निवृत्तांची संख्या नेहमीच मोठी असते. परंतु त्यांची प्रकृती स्थिर असते, हे महत्त्वाचे. अँजिओप्लास्टीनंतर वडिलांची नियमित तपासणी चालू असेल, जिना चढताना छातीत दुखत नसेल आणि गेल्या काही महिन्यांत औषधे बदलावी लागली नसतील, तर त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना थेट विचारा: ‘आठ दिवस मोठ्या इस्पितळापासून दूर राहणे यांना चालेल का?’ नुसते ‘प्रवास चालेल का’ असे विचारले तर डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर विमानाचे आठ तास येतात आणि ते सहज होकार देतात.

विम्याचेही तसेच आहे. जहाजावरील उपचारांना ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा लागू होत नाही. बिल प्रवाशाच्या खात्यावर चढते आणि भरपाई नंतर विमा कंपनीकडून मागावी लागते. भारतातून घेतलेल्या परदेश-प्रवास विम्यात समुद्रप्रवास, आधीपासूनचे आजार आणि वैद्यकीय स्थलांतर या तीनही गोष्टी समाविष्ट आहेत का, ते पॉलिसीच्या मजकुरात स्वतः वाचा, एजंटाच्या तोंडी आश्वासनावर राहू नका. आधीचा आजार लपवून घेतलेली पॉलिसी नेमकी गरजेच्या वेळी उपयोगी पडत नाही, हे मी दवाखान्याबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या चेहऱ्यांवर पुरेसे पाहिले आहे.

इन्सुलिनच्या बाबतीत एक गोष्ट फारसे कोणी आधी सांगत नाही. ब्रिटन आणि न्यूयॉर्क यांच्यात साधारणतः पाच तासांचा फरक आहे आणि पश्चिमेकडे जाताना तो एकदम न बदलता पाच रात्री एकेक तास घड्याळ मागे घेऊन बदलतात. म्हणून सातपैकी पाच दिवस पंचवीस तासांचे होतात. झोपेच्या दृष्टीने ही चैन आहे. विमानातून उतरल्यावर जो शीण येतो तो इथे येत नाही. पण जो माणूस रोज ठरलेल्या वेळी इन्सुलिन घेऊन ठरलेल्या वेळी जेवतो, त्याचे रात्रीचे जेवण शरीराच्या घड्याळानुसार रोज एक तास उशिरा येऊ लागते. मात्रा जुन्या घड्याळाप्रमाणे घ्यायची की रोज तासाभराने पुढे सरकवायची, हे इन्सुलिनच्या प्रकारावर अवलंबून असते आणि ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणावे. मुख्य भोजनगृहात, म्हणजे ब्रिटानिया रेस्टॉरंटमध्ये, रात्रीच्या जेवणाच्या दोन पंगती असतात: एक सहाच्या सुमारास आणि दुसरी साडेआठच्या सुमारास. आरक्षण करतानाच पहिली मागून घ्या. दुसऱ्या पंगतीत चार-पाच पदार्थांचे जेवण संपेपर्यंत साडेदहा वाजतात आणि मधुमेही माणसाला ते जाचते. खोलीत लहान फ्रीज असतो, तरी तो नीट थंड होतो ना, ते पहिल्या संध्याकाळीच पाहा आणि वापरलेल्या सुयांसाठी डबी खोलीच्या सेवकाकडून मागून घ्या. कचऱ्याच्या टोपलीत सुई टाकली तर ती पिशवी बांधणाऱ्याच्या हातात घुसते. औषधे मूळ वेष्टनात, चिठ्ठीच्या प्रतीसह, आठ नव्हे तर किमान पंधरा दिवसांची, आणि हातातल्याच पिशवीत ठेवा.

आता आईंकडे वळू. घाटात गाडी लागते म्हणून बोट लागेलच असे नाही, पण शक्यता जास्त हे मान्य करून तयारी करावी. जहाजाच्या बाजूने सांगायचे तर क्वीन मेरी २ हे आज नियमित सेवेत असलेले एकमेव खरे महासागरी लाइनर, म्हणजे महासागर ओलांडण्यासाठीच बांधलेले प्रवासी जहाज, आहे. २००४ साली सेवेत आलेले, ३४५ मीटर लांब, सुमारे दहा मीटर पाण्यात बुडालेले. सपाट तळाच्या, उंच इमारतीसारख्या क्रूझ जहाजांपेक्षा याचा पुढचा भाग लांब आणि निमुळता आहे, पत्रा जाड आहे आणि डोलणे आवरण्यासाठी पाण्याखाली माशाच्या परांसारखे चार पंख आहेत. हे पंख डावी-उजवी हेलकावणी बरीच कमी करतात, पुढे-मागे होणारी उसळी मात्र त्यांना थांबवता येत नाही. नोव्हेंबरमध्ये पश्चिमेकडे जाताना हीच उसळी जास्त त्रास देते, कारण या अक्षांशांवर वारे आणि वादळी प्रणाली प्रायः पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात आणि आपण त्यांच्या तोंडावर चालत असतो. वारा पंचवीस नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आणि जहाजाचा वेग वीस नॉटचा असेल, तर उघड्या डेकवर पंचेचाळीस नॉटचा वारा जाणवतो. अशा दिवशी बाहेर जाण्याची दारे बंद ठेवतात. परतीच्या, म्हणजे पूर्वेकडच्या प्रवासात तोच वारा पाठीमागून येतो आणि तोच समुद्र सौम्य वाटतो.

म्हणूनच तारखेचा विचार पुन्हा एकदा करा. कंपनी रुजू होण्याची तारीख सप्टेंबरकडे आणू देत असेल तर फारच उत्तम. मे-जूनमध्ये समुद्र बऱ्याचदा शांत असतो, पण न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला लॅब्राडोरचा थंड प्रवाह आणि गल्फ स्ट्रीमचा उबदार प्रवाह भेटतात तिथे दाट धुके पडते आणि दर दोन मिनिटांच्या आत भोंगा वाजवावा लागतो. या जहाजाच्या भोंग्यांपैकी एक मूळ क्वीन मेरी या जुन्या जहाजावरचा आहे, हे कळल्यावर पहिले काही तास प्रवाशांना त्याचे कौतुक वाटते. तारीख बदलता येत नसेल तर नोव्हेंबरमध्ये जाऊ नये असे मी म्हणणार नाही. काही नोव्हेंबर फेऱ्या तलावासारख्या जातात आणि काहींत तीन दिवस दोऱ्यांना धरून चालावे लागते. कोणती आपल्या वाट्याला येईल हे आरक्षणाच्या दिवशी कोणीच सांगू शकत नाही.

खोलीची निवड मात्र आपल्या हातात आहे आणि इथे चार पैसे जास्त मोजण्यात अर्थ आहे. उसळणारे जहाज बागेतल्या सी-सॉप्रमाणे मध्याभोवती हलते. टोकांना सर्वांत जास्त वर-खाली, मध्याजवळ सर्वांत कमी. पुढच्या टोकाची स्वस्त खोली घेतली तर नुसती हालचालच नव्हे, लाट पुढच्या भागावर आदळल्याचा धाडकन आवाजही रात्रभर ऐकू येतो. आपल्यासाठी चौथ्या किंवा पाचव्या डेकवरची, मधल्या लिफ्टच्या जवळची खोली योग्य. या डेकवर जहाजाच्या पोलादी कवचातच कापून काढलेल्या आडोशाच्या बाल्कन्या आहेत. त्यांत बसून समुद्र दिसत नाही, उभे राहावे लागते, म्हणून काही प्रवासी नाराज होतात. पण नोव्हेंबरच्या वाऱ्यात आडोसाच हवा असतो. खिडकी नसलेली आतली खोली सर्वांत स्वस्त, आणि धडधाकट तरुणाने ती घ्यायला हरकत नाही. आईंच्या बाबतीत ती टाळावी, कारण क्षितिज दिसत राहिले की डोळे आणि कान यांच्या संदेशांतला विरोध कमी होतो आणि मळमळ आटोक्यात राहते. सहाव्या डेकवरची खोली घेताना तिच्या डोक्यावर सातव्या डेकवरचे किंग्ज कोर्ट हे बफे भोजनगृह येत नाही ना, ते नकाशात पाहून घ्या. पहाटेपासून खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो. लिफ्टजवळची खोली घेण्याचे दुसरे कारण वडिलांचे गुडघे. ३४५ मीटरच्या जहाजावर खोलीपासून जेवणापर्यंतचे अंतर दिवसातून तीन वेळा कापावे लागते आणि हलत्या बोळात ते लांबच वाटते.

बोट लागण्यावरच्या गोळ्यांबद्दल दोन शब्द. सिनारिझिन, म्हणजे आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये स्टुजेरॉन या नावाने मिळणारी गोळी, बहुतेकांना लागू पडते. मात्र ती आणि प्रोमेथाझिन ही दुसरी गोळी, ही दोन्ही वयस्क माणसांना सुस्ती आणतात. प्रोस्टेट, काचबिंदू किंवा कंपवात असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही घेऊ नये. गोळी मळमळ सुरू झाल्यावर नव्हे, त्याआधी घ्यायची असते. धक्का सुटल्यावर जहाज साउथॅम्प्टन वॉटर ही खाडी आणि सोलेंट ही सामुद्रधुनी यांतून, आइल ऑफ वाइटच्या आडोशाने, तास-दोन तास शांत चालते आणि याच काळात लोक ‘काही त्रास नाही’ म्हणून निर्धास्त होतात. रिकाम्या पोटी त्रास वाढतो, म्हणून कोरडा टोस्ट, हिरवे सफरचंद, भात असे थोडे थोडे खात राहावे. आलेपाक जरूर न्यावा. उलट्या खूपच झाल्या तर जहाजाच्या दवाखान्यात इंजेक्शन मिळते आणि त्याने बहुधा काही तासांत माणूस उठून बसतो. एक सावधगिरी: उलटीबरोबर जुलाब असतील तर ती बोट लागणे नव्हे. पोटाचा संसर्ग जहाजावर वेगाने पसरतो, म्हणून अशा रुग्णाला खोलीतच थांबवतात. ते न लपवता कळवावे आणि बफेत जाण्याआधी हात साबणाने धुवावेत; नुसते सॅनिटायझर या संसर्गाच्या विषाणूला पुरत नाही.

शाकाहाराची अडचण येत नाही, फक्त ती आधी कळवावी लागते. रोजच्या यादीत शाकाहारी पदार्थ असतातच. बफेत भात, एखादी करी, सॅलड, फळे मिळतात. परंतु ‘शाकाहारी’ एवढे सांगून थांबू नका. अंडे चालते का, चीजमधले प्राणिज रेनेट (दूध गोठवणारे द्रव्य) चालते का, कांदा-लसूण वर्ज्य आहे का, हे आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवा, म्हणजे ते स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते. पहिल्या रात्री टेबलाच्या वेटरशी आणि भोजनगृहाच्या प्रमुखाशी आईंनी स्वतः बोलावे. त्यानंतर दुसऱ्या दिवशीची यादी आदल्या रात्री दाखवून त्यातून काय बदलून देता येईल ते वेटरच विचारू लागतो. गोव्याचे तारवटी आणि रत्नागिरीकडचे खलाशी पिढ्यान्पिढ्या ब्रिटिश प्रवासी जहाजांवर राबत आले आहेत आणि आजही जहाजाच्या सेवकवर्गात भारतीय भेटतात. साध्या वरण-भाताची विनंती त्यांच्या कानावर गेली तर ती सहसा वाया जात नाही, मात्र तो हक्क समजू नये.

घरून मात्र काही वस्तू नेऊ नका. विजेची किटली, राइस कुकर, पाणी तापवायचा रॉड, इस्त्री हे सारे चढतानाच्या तपासणीत काढून ठेवतात आणि उतरताना परत देतात. त्यातच अर्धा तास जातो. चहाची सोय खोलीत असते, इस्त्री आणि कपडे धुण्याची यंत्रे सामायिक धुलाईघरात मोफत असतात. आईंना रोज देवापुढे निरांजन किंवा उदबत्ती लावायची सवय असेल तर त्यांना हे आधीच समजावून सांगा की खोलीत ज्योत पेटवायला सक्त मनाई आहे. समुद्रात आगीइतके भय दुसऱ्या कशाचेही नसते आणि उदबत्तीच्या धुरानेही सूचनायंत्र वाजून पहारेकरी दारात उभे राहतात. बॅटरीवरची लहान समई न्यावी.

सामानाच्या बाबतीत आपला अंदाज बरोबर आहे. विमानासारखी किलोची मर्यादा इथे जाचत नाही; जे खोलीत मावेल ते नेता येते. पण एकेक बॅग तेवीस किलोच्या आतच भरा, कारण धक्क्यावरचे हमाल ती उचलणार असतात, आणि दोघांच्या खोलीत सात मोठ्या बॅगा ठेवल्या की पलंगाखालची जागा भरून बाकीच्यांना अडखळत चालावे लागते. रिकाम्या बॅगा एकात एक घालता येतील अशा घ्या. कपड्यांबद्दल आपण विचारले नाही, तरी सांगतो: सात रात्रींत साधारण दोन रात्री औपचारिक पोशाखाच्या असतात. वडिलांसाठी नवा सूट शिवण्याची गरज नाही. बंद गळ्याचा कोट आणि आईंची पैठणी तिथे शोभून दिसते. डेकसाठी मात्र रबरी तळाचे बूट घ्या. ओल्या लाकडावर कोल्हापुरी चप्पल घसरते.

कागदपत्रांत चूक झाली तर बाकी सर्व व्यर्थ आहे, कारण अमेरिकेचा वैध व्हिसा नसलेल्या भारतीय पारपत्रधारकाला साउथॅम्प्टनलाच चढू देत नाहीत. आपण निवडलेली फेरी थेट न्यूयॉर्कला जाते की वाटेत हॅलिफॅक्स किंवा फ्रान्समधील ल हाव्रला थांबते, हे नीट पाहा. थांबा असेल तर आपण उतरणार नसलात तरी कॅनडाचा किंवा शेंगेनचा व्हिसा लागू शकतो, आणि तो लागेल का हे जहाज कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे. वसंतात आणि शरद ऋतूत साधी क्रूझ जहाजे एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जाताना जी स्वस्त तिकिटे विकतात, त्यांचा मार्ग बऱ्याचदा अटलांटिकमधल्या अझोरेस बेटांवरून जातो आणि दिवसही जास्त लागतात. आपल्या कामासाठी मी ती सुचवणार नाही.

न्यूयॉर्कहून आई-वडिलांचे मुंबईचे विमान पोहोचण्याच्या दिवशीचे अजिबात घेऊ नका. जहाजाचा कमाल वेग तीस नॉटच्या आसपास आहे आणि सात रात्रींच्या वेळापत्रकाला वीसएक नॉट पुरतात, त्यामुळे वादळात गमावलेले तास भरून काढायला वाव असतो. तरीही कप्तान वेळेपेक्षा जहाज जपतो. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या थेट ब्रुकलिनच्या धक्क्यावर भेटतात. सकाळचे कपडे, बूट, औषधे, इन्सुलिन, पारपत्रे आणि विम्याचे कागद मागे काढून ठेवले आहेत का, हे बॅगा दाराबाहेर सरकवण्यापूर्वी एकाने मोठ्याने वाचून दुसऱ्याने हात लावून पाहावे. दर फेरीत कोणी ना कोणी झोपायच्या कपड्यांवर स्वागतकक्षात येऊन उभा राहतोच.

पहाटे जहाज न्यूयॉर्क बंदराच्या तोंडावरच्या व्हेराझानो पुलाखालून जाते. धुरांड्याचे टोक आणि पूल यांच्यात काही मीटरच अंतर उरते. त्यानंतर स्वातंत्र्यदेवीचा पुतळा डाव्या हाताला दिसतो. वडिलांना हे पाहायचे असेल तर आदल्या रात्री उबदार कपडे बाहेर काढून ठेवा. सीमाशुल्काच्या तपासणीत खाद्यपदार्थ आहेत का, असे विचारतात. पापड, मसाले, लोणचे असेल तर ‘हो’ म्हणून सांगावे. ताजा कढीपत्ता मात्र नेऊच नका, कारण संत्र्या-लिंबाच्या झाडांना रोग लावणारी कीड त्यावर वाढते म्हणून तो काढून घेतात. जहाजाच्या बफेतून पर्समध्ये टाकलेले सफरचंदही याच नियमात बसते. धक्का ब्रुकलिनमधल्या रेड हूकला आहे आणि मॅनहॅटनला जाणारा नदीखालचा बोगदा तिथून जवळ आहे. सात बॅगा आणि चार माणसे यांच्यासाठी साधी टॅक्सी पुरणार नाही, मोठी व्हॅन आधीच ठरवून ठेवा. घरी पोहोचल्यावर त्याच दिवशी आपल्या चौघांच्या आय-९४ नोंदी, म्हणजे अमेरिकेतील प्रवेशाच्या सरकारी नोंदी, संकेतस्थळावर उघडून पाहा. आपल्या पत्नीच्या नोंदीत ‘एल-२एस’ असे लिहिलेले असले पाहिजे, कारण त्यांच्या नोकरीचा परवाना त्या अक्षरांवर अवलंबून आहे, आणि नोंद चुकली असेल तर पहिल्या आठवड्यातच ती दुरुस्त करून घेणे सोपे जाते.